नळी वाकडी असू दे, पण प्रत्येक वेळी एकाच बाजूला

गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायच्या बंदुकीची नळी वाकडी असते, हे सोलापुरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तरी मला तो स्टॉल आवडतो. नळी डावीकडे मारत असेल तर ती दर वेळी डावीकडेच मारते. सुरुवातीचे छर्रे वाया घालवायचे, अंदाज घ्यायचा आणि मग नेम थोडा उजवीकडे धरून फुगे फोडायचे. शेजारी चक्र फिरवून बक्षीस देणारा बसलेला असतो. त्याच्याकडे दरवर्षी गेलात तरी शिकण्यासारखं काही नाही.

व्हिडिओ गेमच्या बाबतीत माझं भांडण हेच आहे. गेम अवघड असू दे, विचित्र असू दे, पण शिकता आला पाहिजे.

काउंटर-स्ट्राइक हा बंदुकांचा गेम खेळलेल्यांना माहितीय, एके-४७ चं बटण दाबून धरलं की गोळ्या आधी वर चढतात, मग डावी-उजवीकडे सरकायला लागतात. थोडा विखुरलेपणा असतो, पण मूळ वळण ठरलेलं. पोरं रिकाम्या भिंतीवर तासन् तास गोळ्या झाडून ते वळण हातात बसवतात आणि माउस बरोबर उलट्या दिशेला ओढतात. वाकडी नळी म्हणतो ती हीच. समोरच्यानं मला अशा सलग गोळीबारानं (त्याला स्प्रे म्हणतात) उडवलं तर चिडचिड होते, पण तक्रार करायला तोंड नसतं. त्यानं मेहनत केलीय.

आता टीम फोर्ट्रेस २ घ्या. २००७ चा दोन संघांच्या गोळीबाराचा गेम, मला मनापासून आवडतो, आणि त्यातल्या रँडम क्रिटला, म्हणजे नशिबानं लागणाऱ्या जबर फटक्याला, मी मनापासून शिव्या घालतो. तुमचं आरोग्य पूर्ण, जागा चांगली, नेम बरोबर. तेवढ्यात समोरून आलेल्या एका रॉकेटचं नुकसान आपोआप तिप्पट होतं आणि तुम्ही गार. माझा एक मित्र म्हणतो, "तू लई सिरियस घेतो बे. नशीब नसलं तर नवीन पोरगं जिंकणार कधी?" ऐकायला पटतं. पण हिशोब बघा. बहुतेक शस्त्रांना क्रिटची शक्यता २ टक्क्यांपासून सुरू होते आणि गेल्या २० सेकंदांत तुम्ही जितकं जास्त नुकसान केलं असेल तितकी ती वाढत १२ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे जो आधीच सगळ्यांना झोडपतोय, त्यालाच नशिबाचा बोनस! नवीन पोरगं बसलंय तसंच. स्पर्धेच्या सर्व्हरवर हे क्रिट बंद ठेवतात ते काय उगाच नाही.

याहून वरताण म्हणजे २००८ चा निन्टेन्डोचा मारामारीचा गेम, सुपर स्मॅश ब्रदर्स ब्रॉल. त्यात पळायला सुरुवात केली की कधीकधी तुमचं पात्र स्वतःच अडखळून पडतं. बटण बरोबर दाबलंय, वेळ बरोबर साधलीय, तरी पडलं. २०१४ च्या पुढच्या आवृत्तीत निन्टेन्डोनं ते काढूनच टाकलं.

पण नशिबाचा मागमूसच नको, असं माझं म्हणणं नाही (मग बुद्धिबळच खेळलो असतो). डाव मांडताना नशीब येऊ दे. पुढचा निर्णय माझा असतो. १९८९ च्या निन्टेन्डोवरच्या टेट्रिसमध्ये (वरून पडणारे ठोकळ्यांचे आकार रचून ओळी भरायचा गेम) उभी पट्टी कधी येईल याचा काही नेम नसायचा. आधुनिक टेट्रिसमध्ये सातही आकार एका पिशवीत घातल्यासारखे येतात, पिशवी रिकामी झाल्याशिवाय नवी भरत नाही. त्यामुळे दोन पट्ट्यांच्या मध्ये जास्तीत जास्त बारा आकार येऊ शकतात. क्रम माहीत नाही, पण नियोजन करता येतं. रमीतही वाटलेली पानं नशिबाची. काय धरायचं, काय टाकायचं हे डोक्याचं. सुप्रीम कोर्टानं १९६७ मध्ये रमीला तीन पत्तीपासून वेगळं काढलं ते याच कारणानं. आता कौशल्य आहे म्हणून पैसे लावणं बरोबर, असा अर्थ मात्र कुणी काढू नका. २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं पैशाच्या ऑनलाइन गेमवर कौशल्य-नशीब न बघता बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, वेगळं ठेवलं, ते मला पटलंय.

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, शेवटपर्यंत जगेल तो जिंकतो असा मोबाइल गेम) वाले लगेच विचारतील, आमचं काय? लूट, म्हणजे पडलेली शस्त्रं नि सामान, कुठे काय मिळेल सांगता येत नाही, सर्कल, म्हणजे आकसत जाणारा सुरक्षित भाग, कुठे सरकेल तेही नाही. बरोबर. म्हणून तर मोठ्या स्पर्धांत भरपूर सामने खेळवून गुणांची बेरीज करतात. एका सामन्यात सर्कल नेमकं तुम्ही उभे आहात तिथेच येऊन थांबेल, वीस सामन्यांत दर वेळी होणार नाही.

आणि इथंच आपल्या गावातल्या आयोजकांशी माझं वाजतं. सुट्टीत टेकन या दोघांच्या मारामारीच्या गेमच्या छोट्या स्पर्धा होतात. गेममध्ये नशीब जवळपास नाही, मग ते स्पर्धेत का घालता? चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या आणि एक सामना हरला की घरी. दोन सगळ्यात तगडी पोरं पहिल्याच फेरीत भिडतात आणि त्यातलं एक एंट्री फी भरून दहा मिनिटांत बाहेर पडतं. किमान प्रत्येक जोडीला तीन सामने द्या, त्यातले दोन जिंकेल तो पुढे, आणि अशा दोन लढती हरल्याशिवाय कुणाला काढू नका. वेळ पुरत नाही म्हणता ना? मग नावं कमी घ्या. आठच पोरं घेतलीत तरी चालतील. माझा नंबर लागला नाही तर बघायला येईन.