चार मिलिमीटरची भानगड

जुन्या रेसर सायकलला नवी चाकं चढवायची म्हटलं की पहिला मार आकड्यांचा. दूधवाल्याची काळी, रॉड ब्रेकची सायकल 28 इंची. तिच्या रिमवर टायर जिथं बसतं तिथला व्यास 635 मिलिमीटर. वाकड्या हँडलच्या जुन्या रेसरवर 27 लिहिलेलं, तिचा व्यास 630. आणि हल्लीची 700 सी म्हणवणारी रिम 622 ची, पण तिच्या टायरवर पुन्हा 28 छापलेलं! म्हणजे नवी 28 ही 27 पेक्षा लहान. टायरवरचा मोठा आकडा लग्नपत्रिकेतल्या मुहूर्तासारखा असतो, छापायचा म्हणून छापलेला. खरं माप बाजूला बारीक उठावात असतं, 32-630 असं काहीतरी: आधी रुंदी, मग व्यास. चष्मा लावा, पण तेच वाचा.

27 च्या जागी 700 सी चढवायची, तर 630 वजा 622 म्हणजे 8, त्याचं निम्मं 4. रिमची कड चार मिलिमीटरनं खाली सरकली. माझ्या मते या कामातलं सगळं रामायण या चारांत आहे, कारण पुढं हबापाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) आणखी एक चार दबा धरून बसलेला असतो.

चाकं बदलायचीच कशाला, असं चाचा हमखास विचारतात. (मराठवाड्यात सायकलच्या दुकानात एक तरी चाचा असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच, “चांगली तर हाय, कशाला बदलायलाव?”) उत्तर एवढंच, की जुनी रिम लोखंडी, क्रोम चढवलेली. कोरडी असेपर्यंत गुणी. श्रावणात दौलताबादचा घाट उतरताना ती ओली झाली की ब्रेक दाबला काय आणि नुसता नमस्कार केला काय, सारखंच. ॲल्युमिनियमची रिम ओली असतानाही कितीतरी बरी थांबते.

आता सर्वांत महागात पडणारी चूक. उत्साहाच्या भरात जुन्या चाकाच्या तारा आधी कापू नका! फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकाची दात्यांची चकती, हबाच्या आट्यांवर बसतं आणि दर पायडलला आणखी आवळत जातं. चाक शाबूत असतं तेव्हा रिम म्हणजे हातभर लांब पाना. तारा कापल्या की हातात उरतो पेरूएवढा हब, त्याला धरायचं कुठं? योग्य रीत अशी: फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा पुलर एक्सलच्या नटानं जागेवर धरा, पुलर शिकंज्यात आवळा आणि चाक ट्रकच्या स्टिअरिंगसारखं डावीकडं फिरवा. ‘कट्’ आवाज आला की नट सैल करा, नाहीतर आटे जातात.

दुसरा चार इथं. जुन्या फ्रेमच्या मागच्या दोन खाचांमधलं (जिथं चाकाचा एक्सल बसतो) अंतर पाच गिअरला 120 मिलिमीटर, सहा-सात गिअरला 126. नवा आठ गिअरचा हब 130 चा. 126 ची फ्रेम लोखंडी असेल तर खाचा हातानं फाकवून चाक आत सरकतं. दर वेळी पंक्चर काढताना तिसरा हात उसना आणावा लागतो, इतकंच. कायमचा इलाज म्हणजे एकेक बाजू 2-2 मिलिमीटर बाहेर वाकवणं. जालन्यात सळ्या वाकतात म्हणून ही नळीही तशीच वाकेल असं नाही. 2 हवेत म्हणून 2 च ओढलं तर लोखंड परत जागेवर जातं. जरा पुढं ओढावं लागतं, थोडं थोडं, मापत मापत. मग एका खाचेपासून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत दोरा ताणा. सीटच्या नळीपासून दोरा दोन्हीकडं सारखा दूर हवा. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर हा परिच्छेद वाचलाच नाही असं समजा.

हब नवा असला तरी उघडून बघा, कोन (एक्सलवरचे, छर्रे दाबून धरणारे नट) बरेचदा जास्त आवळून आलेले असतात. जुनाच ठेवणार असाल तर छर्रे सगळे बदला: पुढं 3/16 इंची दहा-दहा, मागं 1/4 इंची नऊ-नऊ. धुवायला रॉकेल, रेशनवरचं आता कुठं मिळतं म्हणा, डिझेल चालतं. कोनच्या वाटेवरून बॉलपेनचं टोक फिरवा, अडखळलं की कोन फेका. क्विक रिलीजच्या, म्हणजे पान्याऐवजी लिव्हरनं आवळायच्या हबात किंचित खेळ ठेवायचा, लिव्हर बंद केल्यावर तो नाहीसा होतो. नटाच्या एक्सलला खेळ अजिबात नको. कोनसाठी पाना पातळ हवा, 13 ते 15 चा. घरातला जाडा पाना घुसवणारे कोनचे कोपरे गोल करून ठेवतात.

ब्रेक. ब्रेकचा बोल्ट जातो त्या भोकाच्या मध्यापासून 27 च्या रिमच्या कडेपर्यंत मापा. समजा 54 आलं. नव्या रिमसाठी 58 लागेल. दुकानातला मध्यम कॅलिपर (ब्रेकचे दोन हात) 47 ते 57 चा, म्हणजे एका मिलिमीटरनं हुकला! मग 55 ते 73 वाला घ्या. हात लांब म्हणून थोडा लवचिक, पण चांगले ब्रेक रबर लावले की भागतं. रबर वर राहिलं तर टायरची कड कापतं, खाली गेलं तर तारांत घुसतं. चिमट्याचं (पुढच्या चाकाच्या फोर्कचं) भोक 6 चं आणि नव्या ब्रेकच्या नटाची पुंगळी 8 ची. मोठं करायचं ते चिमट्याच्या मागच्या अंगाचंच, पुढचं 6 च राहू द्या. रबराच्या मागच्या टोकाखाली दुमडलेलं पोस्टकार्ड धरून आवळा, म्हणजे पुढचं टोक आधी टेकेल आणि ब्रेक गल्लीभर किंचाळणार नाही.

ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक आला तर कोपऱ्यावरचा पायपंप त्याला ओळखत नाही. पितळी ॲडॉप्टर खिशात ठेवा, वेड्या बाभळीच्या काट्यांच्या मुलखात तो लागणारच. आणि टायर मागताना तोंडातून 28 काढू नका. चाचा लगेच 635 चं काढून देतात, अन् घरी आल्यावर ते रिमवर म्हातारीच्या हातातल्या बांगडीसारखं फिरतं.