आपल्याला हरवून गेलेल्यांना पत्र लिहिणारा कोच

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढं जावं.

सकाळी पोराची फुटबॉलची मॅच होती, चौदा वर्षांखालची. समोरच्या टीममधल्या एका मुलाची पेनल्टी बारला लागली आणि मॅच गेली. त्यांच्या कोचनं त्याला दंडाला धरून बाजूला नेलं आणि सगळ्यांदेखत जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या पोराचा एक मोजा घोट्यावर गोळा झालेला, आणि तो खाली मान घालून तळहातावरची माती नखानं खरवडतोय. कोचपेक्षा जास्त संताप आला तो माझ्या शेजारच्या बाबांचा. म्हणे, ‘असंच पाहिजे, त्याशिवाय पोरं घडत नाहीत. तुम्ही तर अमेरिकेत शिकलात, तिथले कोच किती कडक असतात!’

हो, शिकलोय. कॅन्सस स्टेट विद्यापीठात, मॅनहॅटनमध्ये (न्यूयॉर्कचं नव्हे, कॅन्ससमधलं, माळरानातलं). परभणीहून थेट तिथं गेलो, धान्यप्रक्रिया शिकायला. ज्वारी तिथंही मुबलक, माणसं फारशी खात नाहीत एवढंच. आणि कडक कोच कसा असतो तेही तिथंच पाहिलं. बिल स्नायडर, आमच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच. फुटबॉल म्हणजे तो हातात बॉल घेऊन धडका मारायचा. कोल्हापूरकरांनी कृपया वाद घालू नये.

हे गृहस्थ आले तेव्हा आमचा संघ सलग २७ सामने एकही जिंकलेला नव्हता. अख्ख्या देशात थट्टेचा विषय. १९८९ च्या पहिल्या सीझनला १ विजय, १० पराभव. तोही विजय शेवटच्या क्षणी. कोणीही सामान बांधून गेला असता. हे राहिले. १९९३ पासून सलग ११ वर्षं बोल गेम (सीझनच्या शेवटी निवडक संघांना मिळणारा मानाचा सामना), १९९८ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाला तब्बल ३० वर्षांनी हरवलं.

आमच्या पिठाच्या मिलमध्ये एक वयस्कर मेकॅनिक होते. आम्ही मराठी पोरं आपसात त्यांना आबा म्हणायचो. आबा १९८० च्या दशकातही प्रत्येक सामन्याला जायचे. सांगायचे, तिकीट फुकट देतो म्हटलं तरी शेजारी यायचा नाही. २०१२ साली आम्ही दहापैकी दहा सामने जिंकलो होतो, देशात पहिल्या नंबरवर, आणि बेलर विद्यापीठानं ५२-२४ असं धुतलं. सोमवारी मिलमध्ये सुतकी वातावरण. मी तावातावानं एकेका खेळाडूची सालं काढत होतो. आबा रोलरमधला भुसा ब्रशनं झाडत होते. वर न बघता म्हणाले, ‘म्हातारा आत्ता त्या पोरांना काय म्हणत असेल? सुधारा. एवढंच.’ आणि पुन्हा ब्रश.

सुधारा. स्नायडर यांची सोळा सूत्रं होती, वर्षानुवर्षं तीच. एकजूट, शिस्त, हार मानू नका, रोज थोडं सुधारा. वाचायला अगदी शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारांसारखी. पण हा माणूस स्वतः ती पाळायचा. दिवसातून एकदा जेवायचा, कारण जेवणात वेळ जातो. याहून कडक काय असतं, सांगा ना! आणि हाच माणूस जांभळ्या शाईनं, स्वतःच्या हातानं पत्रं लिहायचा. विरुद्ध संघाच्या जखमी खेळाडूला. आपल्याला हरवून गेलेल्या खेळाडूलासुद्धा, छान खेळलास म्हणून. आणि आमच्या इथले सर चौदा वर्षांच्या पोराला सगळ्यांसमोर लायकी काढून दाखवतात! कसलं घडवताय? कोणाला घडवताय? स्वतः कधी एक ट्रॉफी उचललीय का?

असो. चहा घेऊन आलो.

मान्य, सीझनच्या सुरुवातीला ते लिंबूटिंबू संघ बोलवायचे. मान्य, २०१७ ला एका खेळाडूला दुसऱ्या विद्यापीठाकडे जायचं होतं तर आधी आडमुठेपणा केला, ओरड झाल्यावर सोडलं. चुकलंच ते. आणि तिथला कॉलेज फुटबॉल हा बख्खळ पैशाचा धंदा आहे, हेही मला कोणी शिकवायला नको.

पण २००५ ला ते निवृत्त झाले, स्टेडियमला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा म्हणाले की एकट्याचं नको, कुटुंबाचं घाला. म्हणून आजही पाटी ‘बिल स्नायडर फॅमिली स्टेडियम’ अशी आहे. आपल्याकडे साध्या बसस्टॉपवर नगरसेवकाचं नाव केवढं असतं ते आठवा. पुढं संघ पुन्हा घसरला, तर २००९ ला, सत्तरीला टेकलेला हा माणूस, स्वतःच्या नावाच्या मैदानावर परत कामाला हजर! हरला असता तर त्याच पाटीखाली शिव्या खाल्ल्या असत्या.

बेलरनंतर दोन आठवड्यांनी आम्ही घरच्या मैदानावर टेक्सासला ४२-२४ हरवून बिग ट्वेल्व्हचे, म्हणजे आमच्या विद्यापीठ-लीगचे, चॅम्पियन झालो. आबांबरोबर होतो मी. पोरं कठडे ओलांडून मैदानात घुसली, मलाही जायचं होतं, पण आबा जागचे हलेनात. थर्मासमधली उरलेली कॉफी झाकणात ओतून घेतली, निम्मी मला दिली. एवढं काय आहे हो या माणसात, असं विचारलं तर म्हणाले, ‘तो परत आला.’ बस. नंतर गाडीत रेडिओ लावला आणि घरापर्यंत एक शब्द नाही. हे लिहितानाही घसा दाटतोय, हसा खुशाल.

२०१७ ला घशाचा कॅन्सर झाला, तरी त्या सीझनला साइडलाइनवर उभे. २०१८ ला थांबले, २१५ विजय नावावर ठेवून.

शेजारचे बाबा माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत, हे मला माहितीय. वाचा, साहेब. आणि स्नायडरबद्दल ज्यांना वाद घालायचाय त्यांनी आधी १९८९ पूर्वीचे आमचे निकाल बघून यावं, मग बोलू. मी अकरापर्यंत जागा आहे.