सक्तीपेक्षा सहवास महत्त्वाचा

मुलांना वाचनाची सवय लावण्याविषयीचा एक लेख वाचला. मुलांना रोज ठरलेल्या वेळी अर्धा तास वाचायला बसवावे, ही त्यातील सूचना चांगल्या हेतूने केलेली असली तरी आमच्या घरी तिचा उलटाच परिणाम झाला. माझा नातू कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात कन्नड माध्यमाच्या दुसरीत शिकतो आणि घरी मराठी बोलतो. शाळेतली लिपी वेगळी, घरातल्या पुस्तकांची वेगळी. त्यामुळे मराठी पुस्तक समोर ठेवले की त्याला तो आणखी एक अभ्यासच वाटे.

मग मी त्याला वाचायला सांगणे बंद केले आणि रात्री अंथरुणावर स्वतःच मोठ्याने वाचू लागले. पंधराएक दिवसांनी मी घाईत एक ओळ गाळली, तेव्हा चित्रातल्या म्हशीवर बोट ठेवून तो म्हणाला, "आज्जी, ही चिखलात बसली ते तू सांगितलंच नाहीस." त्या दिवसापासून पान उलटण्याचे काम त्याचे झाले.

सीमाभागातील पालकांना आवर्जून सांगावेसे वाटते, की प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांतील बालकथा विनामूल्य वाचायला मिळतात. एकच गोष्ट दोन्ही भाषांत मिळाली, की शाळेत कन्नड वाचायला शिकलेले मूल ती आपल्याला वाचून दाखवू शकते आणि आपण तिचे मराठी रूप त्याला वाचून दाखवू शकतो. माझे कन्नड उच्चार दुरुस्त करताना नातवाला जो आनंद होतो, त्याच आनंदात तो आता मराठी अक्षरेही लावू लागला आहे.