आचारी बाहेर आला की

लातूरच्या कुठल्याही लग्नात पंगत बसलेली असताना आचारी मांडवात आला, की समजायचं काहीतरी संपलंय. वरण संपलं असेल, गॅसची टाकी संपली असेल, नाहीतर त्याचा धीर संपला असेल आणि राहिलेले पैसे त्याला आत्ताच्या आत्ता हवे असतील. चौथ्या कारणानं बाहेर आलेला आचारी मी तरी पाहिलेला नाही. मेव्हण्याच्या लग्नात आचारी पंचाला हात पुसत मांडवाच्या तोंडाशी येऊन नुसता उभा राहिला, तर सासरे भरल्या ताटावरून उठले आणि अनुभवी पाहुण्यांनी वाढप्याला हाक मारून दोन-दोन जिलब्या आधीच ताटात घेऊन ठेवल्या.

त्यामुळं जावईबापू फोनवर म्हणाले, "मामा, तिथं शेफ स्वतः बाहेर येतो आणि तुमच्याशी बोलतो," तेव्हा माझ्या तोंडून आपसूक निघालं, "कामून? काय झालं?"

झालं होतं असं, की लेक-जावयानं आम्हा दोघांना क्रूझची सहल काढून दिली होती. सिंगापूरहून निघायचं, पेनांग आणि फुकेत बघायचं, परत सिंगापूर. चार रात्री. राहणं, खाणं, नाटकं, गाणी सगळं तिकिटात. 'सगळं' या शब्दावर आम्ही दोघंही खूश होतो. आणि आता हे निघालं. शेफ्स टेबल म्हणून एक खास जेवण असतं, बाराच माणसं घेतात, सहा कोर्स असतात, आधी जहाजाचं स्वयंपाकघर दाखवतात, मग शेफ एकेक पदार्थ समजावून सांगतो, शेवटी त्याच्या सहीचं मेन्यू कार्ड देतो. हे मात्र तिकिटात नाही. माणशी साडेआठ हजार, वर अठरा टक्के सेवेचे.

"मी भरतो की मामा," जावईबापू म्हणाले. पण जावयाचं खायचं तरी किती? "आम्ही बघतो," म्हणालो आणि त्या क्षणापासून तीन आठवड्यांची झोप गेली.

बाजार समितीच्या यार्डात एका अडतीवर मी तीस वर्षं मुनीमकी केली. माणूस जेवायला बसल्यावर भाजीकडं बघतो, मी आकड्याकडं बघतो. दोघांचे सतरा हजार. त्यावर अठरा टक्के, तीन हजार साठ. एकूण वीस हजार साठ. सेवेचे म्हणजे ताट आणून ठेवायचे वेगळे. पट्टीत हमाली-तोलाई वेगळी दाखवतात तसे. पण अठरा टक्के! आमच्या यार्डात असा दर कुणी चेष्टेत बोलून दाखवला तरी सौदा बंद पडेल. २०२४-२५ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये. म्हणजे हे एक जेवण चार क्विंटल दहा किलो सोयाबीनचं झालं. आणि तेही हमीभावानं; त्या हंगामात बाजारात हमीभाव कुणाला मिळाला ते यार्डातल्या माणसाला विचारू नका.

सकाळच्या चहाला हमालांच्या मुकादमाला सहज सांगितलं. तो कट्ट्यावर बसूनच ऐकत होता.

"मुनीमजी, पोट भरंल का पण त्यात?"

"सहा कोर्स असतात."

"म्हंजी सहा ताटं?"

"सहा ताटं. पण एका ताटात एकच घास."

त्यानं बिडी विझवली. मुकादमाला लिहिता येत नाही, पण कट्टे मोजून मोजून तोंडी हिशेब असा पक्का, की कॅल्क्युलेटरनं लाजावं. "सेवा धरून सोळाशे सत्तरला घास पडला," तो म्हणाला आणि कामाला निघून गेला. तो आकडा माझ्या डोक्यात खिळ्यासारखा बसला. त्या दिवशी घरी भाकरी मोडली तरी प्रत्येक घासाला सोळाशे सत्तर दिसायचे.

शेजारचे गुरुजी इतिहासाचे. त्यांना कुठलीही अडचण सांगितली की ते दौलताबादला जाऊन थांबतात. म्हणाले, "१३२७ साली तुघलकानं राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. अख्खं लष्कर पायी आलं. त्याला जेवू घालायला म्हणून नान-खलिया निघाला म्हणतात. एवढाली नान, देगेत मटणाचा खलिया. तुघलकाला लोक वेडा म्हणतात, पण त्यानंसुद्धा शिपायांकडून माणशी पैसे घेतल्याचं ऐकिवात नाही."

खरं सांगायचं तर आमच्या भागात जेवण विकत घेण्यापेक्षा जेवण चुकवणं अवघड. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, लातूर शहर ओस पडतं, कचेऱ्यांना सुट्टी असते, सगळे शेतात. तुम्ही रस्त्यानं नुसते चाललेले असा. अनोळखी माणूस हाताला धरून कडब्याच्या कोपीपाशी नेतो, भज्जी आणि बाजरीचे उंडे पुढ्यात ठेवतो आणि आंबिलीचे तांब्यामागून तांबे रिचवायला लावतो. तिसऱ्या शेतापासून पुढं माणसं बांधाआड लपत लपत घरी जातात. अशा मुलखातल्या माणसानं बारात नंबर लागावा म्हणून पैसे भरायचे?

बायकोनं मात्र तोपर्यंत काहीच मत दिलं नव्हतं. तिनं मेन्यू मागितला. जावयानं शाकाहारी मेन्यू मोबाइलवर पाठवला, मी चष्मा लावून वाचू लागलो.

"अम्यूज-बूश."

"ते काय?"

"एक घासाचं काहीतरी. भूक चाळवायला."

"म्हणजे आधी चाळवायची, मग एकेक घास द्यायचा. बरं, पुढं?"

"लेंटिल वेलुते. लेंटिल म्हणजे डाळ. डाळीचं दाटसर सूप."

"वरण म्हणा की." ती उठून तुरीच्या डब्यापाशीच गेली. आमच्या निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून हिच्या हातात डाळीचा डबा असला की ती सरकारी अधिकाऱ्यासारखी बोलते. "ही घरात ठेवून वरण प्यायला सिंगापूरला जायचं?"

"पुढं बीट आहे. तीन प्रकारे केलेलं."

"तीन प्रकारे? तुम्ही एका तरी प्रकारे खाता का?"

प्रत्येक कोर्सबरोबर वेगळी वाइन होती. आम्ही दोघंही घेत नाही. जावयाला विचारलं, न पिणाऱ्याला किती सूट? सूट नाही, सरबत देतात. या जेवणाच्या किमतीत मोठा वाटा त्या सहा ग्लासांचाच असणार, हे मुनीमाला कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे शेजारी बसलेल्या साहेबाची दारू मी माझ्या सोयाबीनमधून भरायची आणि वर त्याला चिअर्स म्हणायचं. मी वहीत लाल शाईनं 'नाही' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

पण जावई हुशार. म्हणाले, "मामा, जहाजावर गेल्यावर ठरवा. जागा असली तर तिथंही मिळतंय." त्यामुळं मिटलेला विषय आमच्याबरोबर विमानात बसून सिंगापूरला आला.

जहाजावर चढल्या चढल्या आधी धोक्याचा भोंगा कसा ओळखायचा ते शिकवलं. सात आखूड, एक लांब. खोलीत गेलो तर बायको बाथरूमात बादली शोधत होती. बादली नव्हती. पाणी मात्र नळाला चोवीस तास. तिनं पहिलं काम काय केलं असेल तर खोलीतले दोन्ही ग्लास, थर्मास आणि माझी पाण्याची बाटली भरून ठेवली. लातूरच्या माणसाचं हे जात नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या गावाला पाणी आलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. रेल्वेनं पाणी आलेलं बघितलेला माणूस नळावर विश्वास ठेवत नाही. खोली आवरणाऱ्या पोरानं सांगितलं की समुद्राचंच पाणी जहाजावर गोडं करतात. बायको खिडकीतून बराच वेळ समुद्राकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हे यंत्र केवढ्याला पडतं हो?" वीस हजार साठपेक्षा तिला हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटला आणि मला तिचं पटलं.

मग बुफे. इडली, भात, डाळ, पाव, पन्नास जातीचे केक, कापलेली पपई, अननस, सगळं तिकिटातलं. मी कितीही वेळा ताट घेऊन गेलो तरी कुणी वहीत लिहीत नव्हतं. इथं माझ्या हिशेबाला नवी बाजू फुटली. फुकट जेवण जितकं जास्त, तितकं विकतचं जेवण महाग. आज रात्री पैसे देऊन जेवलो तर आज रात्रीचं फुकटचं बुडालं. ते नुकसान विकतच्या जेवणाच्या खर्चात धरायचं की नाही? दुपारी डेकवरच्या खुर्चीत पडून मी यावर विचार केला. शेजारी परदेशी माणसं उन्हात पुस्तकं वाचत होती.

शेफ्स टेबल दोनच रात्री होतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या. दुसऱ्या रात्री निघाली संकष्टी. जेवण साडेसातला. चंद्रोदय कधी? कॅलेंडरात मुंबई-पुण्याचा चंद्रोदय दिलेला असतो, मलाक्काच्या सामुद्रधुनीचा नसतो. शिवाय घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढं, पण चंद्र कुणाच्या घड्याळानं उगवणार? काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं, "एनी अ‍ॅलर्जी, मॅडम?" बायको मला म्हणाली, "तिला सांगा, चतुर्थी आहे." मी इंग्रजीतून चंद्र समजावून सांगायला लागलो. मुलीनं अ‍ॅलर्जीच्या रकान्यात काहीतरी लिहिलं खरं.

चंद्र त्या रात्री पावणेदहाला आला. थेट पाण्यातून वर निघाला, मध्ये ना पाण्याची टाकी, ना मोबाइलचा टॉवर, ना कुणाचा वाढीव मजला. बायकोनं नमस्कार केला, पपईच्या दोन फोडींवर उपास सोडला आणि म्हणाली, "उद्याचं जेवण बुक करा."

मी दचकलो. "कामून?"

"मला जेवायचं नाही. मला त्यांचं स्वयंपाकघर बघायचंय. एवढ्या हजारो माणसांची कणीक मळतात कुठं? आणि दाखवतात ते फक्त त्या बारा जणांना."

लाल शाईच्या दोन रेघा वहीत तशाच राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीचं कार्ड पुढं केलं, मुलीनं ते यंत्राला टेकवलं, टुक असा आवाज झाला आणि चार क्विंटल दहा किलो गेलं. नोटा मोजून दिल्या असत्या तर निदान त्रास तरी रीतसर झाला असता.

बंद बूट हवे होते. लेकीच्या लग्नातले घातले. आम्हाला पांढरे कोट दिले, डोक्याला कागदी टोप्या. बायकोचा कोट नऊवारीच्या ओच्याशी भांडत होता आणि टोपी अंबाड्यावर बसत नव्हती, पण चेहऱ्यावर अन्न-औषधवाल्या साहेबाचा रुबाब. आत लांबच्या लांब स्टील. कुठंही विस्तव नाही. जहाजावर आगीची भीती मोठी, त्यामुळं उघडी ज्योत नको. सगळं विजेवर आणि वाफेवर.

"मग भाकरी फुगवतात कशावर?" बायको.

मी हा प्रश्न शेफपर्यंत नेला नाही. तो उंचापुरा गोरा माणूस कढईएवढ्या, छे, हौदाएवढ्या भांड्यापाशी उभा राहून सॉसबद्दल बोलत होता. बायको केव्हाच मागं राहिली होती. परत जाऊन बघतो तर ती ताटं धुवायच्या यंत्रापाशी एका पोराशी बोलत उभी. पोरगा रत्नागिरीकडचा निघाला. "काकू, सांभाळून, ओलं आहे," एवढंच तो म्हणाला होता, आणि तीन दिवसांत कानावर पडलेलं पहिलं परकं मराठी वाक्य म्हणून हिनं त्याला धरून ठेवलं होतं. कणीक कोण मळतं, पोळी रात्री किती वाजता करतात, उरतं त्याचं काय होतं, पगार किती, आई कुठं असते. साडेआठ हजारांतले सात हजार तिनं तिथंच वसूल केले.

जेवणाचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडकंच होतं. अम्यूज-बूश चमच्यातच आलं, चमच्यासकट गिळलं जाईल की काय अशी भीती वाटली. वरण चांगलं होतं. बायकोनं चव घेतली, डोळे मिटले आणि "हिंग" एवढंच म्हणाली. बीट तीन प्रकारे आलं आणि मी तिन्ही प्रकारे खाल्लं. सोळाशे सत्तर रुपये बिटाची चव बदलतात. सरबतं सहा आली. चिअर्स म्हणालो.

पाचव्या कोर्सनंतर दार उघडलं आणि शेफ बाहेर आला. पण या वेळी हातात काही नव्हतं, समजावून सांगायला काही नव्हतं, आणि तो सरळ आमच्याकडंच येत होता. माझा हात नकळत खिशाकडं गेला. बायकोनं कोपर मारलं.

"बघा. काय संपलं?"

शेफ वाकून फार अदबीनं बोलला. शेवटच्या गोड पदार्थात जिलेटिन आहे, ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात, आमच्या कार्डावर शाकाहारी लिहिलंय हे त्याच्या आत्ता लक्षात आलं, त्याला अतिशय वाईट वाटतंय, त्यानं दुसरी सोय केलीय. मी भाषांतर करून सांगितलं. बायकोनं मान डोलावली. तिला धक्का वगैरे काही बसला नव्हता; आचारी बाहेर आला तेव्हाच तिला कळलं होतं.

दुसरी सोय आली. काळ्या दगडी पाटीवर, पुदिन्याचं एक पान डोक्यावर घेऊन, पपईच्या तीन फोडी.

सकाळी नाश्त्याला बुफेत गेलो. बायको फळांपाशी थांबली. चिमट्यानं पपईची एक फोड उचलली, उजेडात धरून उलटीसुलटी बघितली.

"हीच की हो," ती म्हणाली, "काल सोळाशे सत्तरला होती."