'गिफ्ट' लिहिल्याने कस्टम ड्युटी माफ होत नाही

परदेशात राहणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ऑनलाइन मागवलेल्या पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांगा, ड्युटी शून्य. कृपया यावर विसंबू नका.

टपालाच्या पार्सलवर सीएन २२ किंवा सीएन २३ हा कस्टमसाठी आत काय आहे आणि किंमत किती ते सांगणारा फॉर्म असतो आणि त्यात भेटवस्तूचा रकाना आहे, हे खरं. पण स्वतःच्या पैशाने स्वतःसाठी घेतलेली वस्तू भेट ठरत नाही. भेटवस्तूलाही अनेक देशांत किमतीची मर्यादा असते. खोटी नोंद सापडली की पार्सल अडकतं, दंडही होऊ शकतो. आणि किंमत कमी लिहिली असेल, तर पार्सल हरवल्यावर भरपाईसुद्धा तेवढ्याचीच मागता येते.

बचत करायची तर खोक्याचं माप बघा. बऱ्याच कुरिअर कंपन्या लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात; येणारा आकडा किलोतलं वजन धरतात आणि तो खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचेच घेतात. ४० × ३० × ३० च्या खोक्यात २ किलोचे बूट असले, तरी पैसे ७.२ किलोचे! म्हणून फॉरवर्डरला (तुमच्या खरेद्या आपल्या पत्त्यावर घेऊन तुमच्या देशात पाठवणाऱ्या कंपनीला) रिकामे डबे काढून तीन-चार खरेद्या एकाच खोक्यात भरायला सांगा. मी तरी माप कळल्याशिवाय पैसे भरत नाही. फक्त सगळ्यांची मिळून किंमत ड्युटीमाफीची मर्यादा ओलांडत नाही ना, ते आधी तपासा.