‘ऑरेंज’ला यमक आहे, आणि तो शब्द नागपुरात जन्मलेला नाही

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. इंग्रज नागपुरात आले आणि आपल्या नारंगीचं त्यांनी ऑरेंज केलं. ‘अ नारेंज’ म्हणता म्हणता त्यातला ‘न’ गळाला. आधी रंगाचं नाव होतं, ते मग फळाला मिळालं. आणि ऑरेंज, पर्पल, सिल्व्हर या शब्दांना इंग्रजीत यमकच नाही. मी धरमपेठेत इंग्रजी शिकवते. वर्गातल्या मुलांनी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय, म्हणून लिहिते आहे.

इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांना हरवलं ती सीताबर्डीची लढाई १८१७ची. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली १६०० साली. ‘ऑरेंज’ इंग्रजीत त्याच्याही सुमारे दोनशे वर्षं आधीपासून आहे. शब्दाचं मूळ भारतात, एवढं खरं. संस्कृत ‘नारंग’, त्याच्याही मागे बहुधा एखादी द्राविडी भाषा. तिथून फारसी, अरबी, मग युरोप. अभिमान हवाच असेल तर आणखी एक शब्द घ्या. आपलं नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्रात मँडरिन गटातलं, आणि मँडरिन हा शब्द आला ‘मंत्रिन्’वरून. मलय भाषेतून तो पोर्तुगिजांनी उचलला आणि चिनी अधिकाऱ्यांना लावला. फळाला ते नाव पुढे पडलं.

‘न’ गळाला, पण इंग्लंडमध्ये नाही. फ्रेंचमधून शब्द आला तेव्हाच तो गेलेला होता. इंग्रजांनी स्वतः ‘न’ गमावला तो दुसऱ्या शब्दांत. एप्रन हा मूळचा ‘नॅप्रन’, ॲडर हा साप मूळचा ‘नॅडर’. जामठ्याच्या मैदानावर उभा असतो तो अंपायरसुद्धा जुन्या फ्रेंच ‘नॉनपेर’मधून आलेला. अर्थ, जोडीत नसलेला, म्हणजे दोघांतला तिसरा.

रंगाचं म्हणाल तर क्रम नेमका उलटा आहे. फळ आधी आलं, रंगाला ते नाव सोळाव्या शतकात मिळालं. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही इंग्रज त्याला ‘रेडब्रेस्ट’ म्हणतात, कारण नाव पडलं तेव्हा त्या रंगाला वेगळा शब्दच नव्हता.

आता यमक. मुलांना सर्वांत जास्त पटलेला दावा हाच, आणि मला सर्वांत जास्त खटकलेलाही हाच. इंग्रजीत पूर्ण यमक जुळायला जोर असलेल्या स्वरापासून पुढचं सगळं सारखं लागतं. ‘ऑरिंज’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर आहे, म्हणून ‘हिंज’, ‘फ्रिंज’ चालत नाहीत. यमक मिळणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. पण वेल्समध्ये ॲबरगॅव्हनी गावाजवळ ५६१ मीटर उंचीचा एक डोंगर आहे, त्याचं नाव ‘ब्लॉरिंज’. विशेषनाम नको असेल तर ‘स्पॉरिंज’ घ्या. नेच्याच्या पानामागे तपकिरी ठिपके दिसतात ना, त्यांत बीजाणूंच्या बारीक पिशव्या असतात. तशा पिशवीला हा जुना, क्वचित वापरला जाणारा शब्द आहे. पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हटला की यमक जुळतं.

सिल्व्हरला ‘चिल्व्हर’ आहे, म्हणजे मेंढीचं मादी कोकरू. पर्पलला तर दोन आहेत. ‘कर्पल’ म्हणजे घोड्याचा मागचा भाग, आणि ‘हर्पल’ म्हणजे लंगडत चालणं. यातला ‘हर्पल’ स्कॉटलंडमध्ये आजही बोलण्यात आहे.