दात साफ केल्याने सैल होतात का? एका फॉरवर्डला उत्तर

व्हॉट्सॲपवर तो लांबलचक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: दवाखान्यात एकदा दात साफ करून घेतले की ते सैल होतात, वरची दाढ काढली की नजर अधू होते, पेस्टमधलं फ्लोराईड विष आहे, पूर्वज राखुंडी आणि मशेरीवर म्हातारपणापर्यंत ऊस सोलून खायचे, आणि दुधाचे दात पडणारच, त्यांवर पैसे कशाला घालवायचे. मी दंतवैद्य आहे, म्हणजे यात माझं पोट आहे. तेव्हा माझ्या शब्दापेक्षा कारणं तपासा.

पहिला मुद्दा सगळ्यात जास्त पसरला, कारण तो लोकांच्या अनुभवातून आलाय. सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात, फटी दिसतात, गार पाण्याने सणक जाते. तिन्ही खरं. पण आधी काय झालेलं असतं ते बघा. दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात मुरून काही दिवसांत तो टणक होऊ लागतो. हे किटण. खालच्या पटाशीच्या दातांमागे ते हमखास साचतं, कारण लाळग्रंथींची तोंडं तिथेच, जिभेखाली उघडतात. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवे जंतू बसतात, हिरडी सुजते, ब्रश लागताच रक्त येतं. वर्षानुवर्षं हे चाललं की बऱ्याच जणांत दाताला धरणारं हाडच झिजत जातं. अशा दाताला मग शेजारच्या दातांना जोडून बसलेलं किटणच टेकू देत असतं. ते काढलं की आधीच सैल झालेला दात हलताना कळतो. किटणाने बुजलेली फट मोकळी होते, हिरडीची सूज उतरली की ती आणखी मोठी दिसते, आणि झाकलेलं मूळ उघडं पडल्याने सणक येते. सणक बहुधा काही दिवसांत कमी होते. गेलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही. म्हणून किटण थोडं असतानाच काढायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच लोक हा मजकूर वाचून घरी बसतात.

दर सहा महिन्यांनी प्रत्येकाने आलंच पाहिजे, हे मलाही पटत नाही. हिरड्या निरोगी असतील तर अनेकांना वर्षातून एकदा दाखवलेलं पुरतं. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर लवकर यावं. आणि पहिल्याच भेटीत कुणी आठ-दहा कॅप सांगितल्या, तर खुशाल दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

नजरेचं लवकर संपवतो. दातांची कळ मेंदूकडे नेणारी नस वेगळी, दृष्टीची वेगळी. दाढा काढायची वेळ अनेकांवर चाळिशीनंतर येते, चष्माही तेव्हाच लागतो. दोन्हींची सांगड घरात कुणीतरी घालून देतं.

फ्लोराईडबद्दल त्या मजकुरात अर्धं सत्य आहे. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे. लहानपणापासून असं पाणी पिणाऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, प्रमाण फारच असेल तर हाडंही आखडतात. पेस्ट आपण गिळत नाही, थुंकतो. गोड खाल्लं की जंतू आम्ल तयार करतात, तोंडातला पीएच (आम्लपणाचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातली, खनिजं विरघळू लागतात. फ्लोराईड ती परत बसायला मदत करतं. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि ट्यूब आईवडिलांच्या हातात.

आता पूर्वज. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या दफनभूमीत साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या अकरा दाढा सापडल्या, गारगोटीच्या टोकाने भोकं पाडलेल्या. त्यांतल्या काहींना कीडही होती, म्हणजे पूर्वजांचे दातही किडायचे. साखर कमी होती म्हणून पूर्वीच्या लोकांचे दात कमी किडत असतील, हे मान्य. श्रेय राखुंडीला कशाला? राख, कोळसा, जाड मीठ रोज घासलं की इनॅमल झिजतं. त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे ते पुन्हा उगवत नाही. शिवाय दात आणखी पिवळा दिसतो, कारण आतला थर पिवळसर असतो.

मशेरीचा मला खरा राग आहे. ती भाजलेली तंबाखू आहे, दंतमंजन नव्हे. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला 1992 पासून देशात बंदी आहे, तरी घरी तव्यावर ती भाजली जातेच. दाढ ठणकते म्हणून सुरू होते, मग सकाळी, दुपारी, झोपताना, तलफ लागते. त्यातून तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. गालात किंवा जिभेवर पांढरा-लाल चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही, तर ताबडतोब दाखवा.

राहिले दुधाचे दात. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि खाली येणाऱ्या दाताची जागा राखतात. त्या अवेळी काढल्या तर बाजूचे दात सरकतात. पण मोठा घोळ वेगळाच. सहाव्या वर्षाच्या सुमारास, एकही दुधाची दाढ न पडता, सगळ्यांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. घरच्यांना ती दुधाचीच वाटते, ती किडते, आणि 'पडेलच' म्हणून सोडून दिली जाते. मूल सहा-सात वर्षांचं असेल तर आज रात्री टॉर्च घेऊन बघा: मधल्या रेषेपासून मागे मोजत गेलात की सहावा दात तो.